उतारा किती कोसांवर?

भंडारा जिल्ह्यात सर्पदंशाचा हंगाम धानाच्या हंगामाला धरून येतो. मृगाच्या सरींवर पऱ्हे टाकले जातात, जुलैत रोवणी लागते, बाया दिवसभर चिखलात वाकलेल्या असतात आणि बेडकांच्या, उंदरांच्या मागावर निघालेला साप त्याच बांधीच्या धुऱ्यावर असतो. दिवाळीच्या आगेमागे धान कापून कडपा पसरला की त्याखाली उंदीर येतात आणि उंदरांपाठोपाठ घोणस, म्हणजे या भागातली परड. पुंजणे रचताना, मोडताना, तणसाच्या ढिगात हात घालताना दंश होतात. पाण्याची सोय असलेल्या गावांत उन्हाळी धानही निघते, त्यामुळे चिखलाला आणि सापाला उन्हाळ्यातही सुटी नसते. ज्यांच्याकडे शेत नाही ते मार्च-एप्रिलात पहाटेच्या अंधारात मोहफुले वेचतात आणि मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला जंगलात शिरतात.

१ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा झाल्यावर भंडाऱ्यात सात तालुके उरले. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या बारा लाख भरली आणि त्यातले सुमारे ऐंशी टक्के लोक खेड्यांत राहणारे निघाले. वैनगंगेचे खोरे, शेकडो मालगुजारी तलाव, कोका अभयारण्याचे आणि नागझिऱ्याच्या बाजूचे जंगल, गोसेखुर्द धरणाचा फुगवटा आणि सगळीकडे धान, धान आणि धान. सापाला जगायला जे जे लागते ते सारे इथे आहे. माणसाचेही त्याच जागेवर चालते. दोघांची गाठ पडणार हे ठरलेलेच. गाठ पडल्यावर काय होते, हा या लेखाचा विषय.

सर्पदंशाच्या मृत्यूंचा भारतातला हिशेब कित्येक वर्षे कागदावर फार लहान दिसत होता, कारण रुग्णालयात मेलेलाच तेवढा मोजला जात होता. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासाने घरोघरी जाऊन मृत्यूची कारणे विचारली आणि २००५ या एका वर्षातला आकडा सुमारे ४६ हजारांवर गेला. त्यातले ९७ टक्के मृत्यू ग्रामीण भागातले होते आणि दर चारांतले तीन जण कोणत्याही दवाखान्याबाहेर गेलेले होते. घरी, वाटेवर, किंवा मांत्रिकाच्या अंगणात. पुढे २०२० मध्ये त्याच कामाचा विस्तार झाला, तेव्हा २००० ते २०१९ या वीस वर्षांत बारा लाख भारतीय सर्पदंशाने गेल्याचा अंदाज निघाला. वर्षाला सरासरी ५८ हजार. मरणाऱ्यांत पंधरा ते एकोणतीस या वयाचे लोक मोठ्या संख्येने आहेत. म्हणजे शेतातला कर्ता हात, आणि कॉलेजात नाव घातलेला मुलगा किंवा मुलगीही.

विशेष असे की या विषावर उतारा नाही, अशी स्थितीच नाही. तो सव्वाशे वर्षांपूर्वीच निघाला. १८९१ साली फ्रेंचांच्या ताब्यातल्या व्हिएतनाममध्ये पुरामुळे नाग एका गावात शिरले, चाळीस जणांना दंश झाला, चार जण मेले. सायगावच्या प्रयोगशाळेत त्या वेळी आल्बेर काल्मेत नावाचा तरुण डॉक्टर काम करत होता. (क्षयाविरुद्धच्या बीसीजी लशीतला मधला ‘सी’ तो हाच.) त्याने प्राण्यांना विषाचे अगदी थोडे डोस देत देत त्यांच्या रक्तात प्रतिकार तयार करवला आणि १८९५ च्या सुमारास पहिले सर्पविषरोधी सीरम माणसाच्या कामी आले. आजही पद्धत मुळात तीच आहे. घोड्याला विषाच्या वाढत्या मात्रा टोचायच्या, त्याच्या रक्तातली प्रतिद्रव्ये वेगळी काढून शुद्ध करायची, कुपीत भरायची. मुंबईत परळच्या हाफकिनने हे काम अनेक दशके केले. पुणे जिल्ह्यात नारायणगावच्या परिसरातही ही लस (या सीरमला बोलण्यात लसच म्हणतात) बनते. तिला लागणारे विष बहुतांशी तामिळनाडूतून येते. चेन्नईच्या दक्षिणेला समुद्रकाठी इरुला आदिवासींची साप पकडणाऱ्यांची सहकारी संस्था १९७८ पासून आहे. पिढ्यान्‌पिढ्या सापाचा माग काढणारे हे लोक साप धरतात, विष काढतात आणि सापाला परत सोडतात.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषांवर मिळून ही एकच लस चालते. पावडरच्या रूपातली कुपी फ्रिजशिवायही टिकते. शासकीय दवाखान्यात तिचे पैसे पडत नाहीत. मग माणसे मरतात कशी?

अंतराने. आणि अंतर म्हटले की फक्त किलोमीटर मोजून भागत नाही.

विषावरचा उतारा माणसाच्या किती जवळ ठेवायचा, हा प्रश्न जगात दुसऱ्या एका औषधाच्या बाबतीत गेल्या दहा-पंधरा वर्षांत फार तावातावाने लढला गेला. त्या औषधाचे नाव नॅलोक्सोन. अफूच्या कुळातल्या पदार्थांचा, म्हणजे हेरॉइन, मॉर्फिन, फेंटानिल यांचा अतिरेक झाला की माणसाचा श्वास मंदावत जाऊन थांबतो. नॅलोक्सोन दोन-चार मिनिटांत तो परत आणते. त्याचा शोध १९६१ चा, अमेरिकेत मान्यता १९७१ ची. पण पुढची चार दशके ते बहुतांशी इस्पितळांत आणि रुग्णवाहिकांत बंद राहिले. अतिसेवन मात्र घरात, गाडीत, विद्यापीठाच्या वसतिगृहात होत होते. २०१४ साली जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले की ज्यांच्या डोळ्यांसमोर असा प्रसंग घडू शकतो त्या सामान्य लोकांच्याच हाती हे औषध द्या. २०१५ मध्ये नाकात मारायचा फवारा आला आणि मार्च २०२३ मध्ये तो अमेरिकेत चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी मिळाली. आता तिथल्या अनेक विद्यापीठांत वाचनालयाच्या आणि वसतिगृहांच्या भिंतींवर या फवाऱ्याच्या पेट्या टांगलेल्या असतात; ज्याला गरज दिसेल त्याने काढावा, वापरावा. ‘औषध हाताशी ठेवले तर मुलांना नशेची भीतीच उरणार नाही’ असा आक्षेप तिथेही घेतला गेला. पण २०२१ पासून सलग तीन वर्षे, दर वर्षी लाखाहून अधिक माणसे अमली पदार्थांच्या अतिसेवनाने मरत असलेल्या देशात तो फार काळ टिकला नाही.

भंडाऱ्याच्या कॉलेजांत अशा पेटीची आज गरज नाही. इथे ज्या विषाने श्वास थांबतो ते मण्याराचे आणि नागाचे. पण पेटीमागचा विचार इथे थेट लागू आहे: उताऱ्याची जागा प्रसंग जिथे घडतो त्यावरून ठरली पाहिजे, व्यवस्थेच्या सोयीवरून नव्हे.

विचार लागू आहे, पेटी मात्र जशीच्या तशी उचलून आणता येत नाही. उत्साही मंडळी इथे घसरतात. ग्रामपंचायतीच्या कपाटात सर्पदंशाची लस ठेवा, सर्पमित्राकडे द्या, अशा मागण्या अधूनमधून होतात. नॅलोक्सोन चुकून निरोग्याला दिले तरी त्याला काही होत नाही. सर्पविषरोधी लशीचे तसे नाही. ती घोड्याच्या रक्तातून आलेली असल्याने शरीर तिच्यावर उलटू शकते. अंगावर गांधी उठतात, थंडी वाजते, रक्तदाब कोसळतो, घसा सुजून श्वास अडतो. त्या क्षणी अ‍ॅड्रेनॅलिनचे इंजेक्शन भरून तयार असावे लागते आणि ते देणारा हात शेजारी असावा लागतो. शिवाय एक कुपी देऊन भागत नाही. सुरुवातच साधारण आठ-दहा कुप्यांनी, सलाइनमधून, शिरेवाटे होते. लहान मुलालाही मोठ्याइतकीच मात्रा लागते, कारण सापाने मूल पाहून विष कमी सोडलेले नसते. म्हणून या उताऱ्याला किमान एक खाट, एक डॉक्टर, एक परिचारिका आणि एक अंबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी, एवढा संसार लागतो. हा संसार खेड्याच्या सर्वांत जवळ जिथे मांडता येतो ती जागा म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र.

तिथे विजेवर चालणारे फारसे काही लागत नाही, हे मुद्दाम सांगायला हवे. घोणस चावला आहे का, रक्त गोठायचे थांबले आहे का, हे ओळखायला कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवायचे आणि मग नळी तिरपी करून पाहायची. रक्त वाहिले तर विष चढले आहे. नळी काचेचीच हवी. प्लास्टिकमध्ये ही परीक्षा फसते. मण्यार आणि नागासाठी तर डोळेच पाहायचे: पापण्या जडावून खाली येऊ लागल्या, बोलणे घोगरे झाले, थुंकी गिळवेना, की वेळ घालवायचा नाही.

एवढे सोपे आहे, तर मग केंद्राच्या दारातून गाडी भंडाऱ्याकडे आणि भंडाऱ्याहून साठेक किलोमीटरवरच्या नागपूरकडे का वळते? कधी साठा नसतो, कधी रात्री डॉक्टर नसतो. पण राज्यभर पुन्हा पुन्हा दिसणारे कारण भीतीचे आहे. नुकतीच पदवी घेऊन आलेल्या डॉक्टरने सर्पदंशाचा रुग्ण उभ्या शिक्षणात क्वचितच स्वतः हाताळलेला असतो. लस दिली आणि रुग्णाला रिअ‍ॅक्शन आली तर गावकरी अंगावर येतील. पाठवून दिला आणि वाटेत मेला तर मात्र कागद स्वच्छ राहतो. ‘रेफर’ची चिठ्ठी अशी सुरक्षित ठरते, डॉक्टरपुरती. मण्याराचे विष नसांच्या टोकांना एकदा चिकटून त्यांची नासाडी करू लागले की नंतर दिलेली लस ते सोडवू शकत नाही. तेव्हा रुग्णालय बदलण्यात गेलेला तास हा उपचारातून वजा झालेला तास असतो. लशीचा पहिला डोस आधी, गाडी नंतर, हा क्रम केंद्राकेंद्रांत पाळला गेला तर जिल्ह्यातले चित्र एका पावसाळ्यात पालटू शकते.

हे स्वप्नरंजन नव्हे. रायगड जिल्ह्यातल्या महाडला डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात विंचूदंशावर प्राझोसिन या साध्या गोळीचा उपयोग दाखवून दिला, ‘लॅन्सेट’मध्ये तो मांडला आणि कोकणातले विंचवाचे मृत्यू झपाट्याने उतरले. त्यांना पद्मश्री मिळाली ती २०२२ मध्ये. गोळी मात्र त्याआधी कितीतरी वर्षे खेड्यांत पोचली होती. नारायणगावला डॉ. सदानंद राऊत यांनी सर्पदंशाच्या उपचाराचे असेच चिवट काम केले. दोघांच्याही कामाची जागा महानगरापासून दूर होती, आणि दंश झालेल्या माणसाच्या जवळ.

भंडाऱ्याचा नकाशा पुढ्यात घेतला तर अंतराची गंमत कळते. तुमसर आणि साकोलीला उपजिल्हा रुग्णालये आहेत. लाखांदूर तालुका मात्र जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला; तिथल्या माणसाला आपल्या जिल्हा रुग्णालयापेक्षा गडचिरोलीतले वडसा आणि चंद्रपुरातली ब्रह्मपुरी जवळ पडतात. आजारी माणूस जिल्ह्याची हद्द पाहून चालत नाही, पण साठ्याचे हिशेब आणि रुग्णवाहिकेच्या फेऱ्या हद्दीप्रमाणे चालतात. त्यात पावसाळा. ऑगस्ट २०२० च्या शेवटी वैनगंगेला आलेला महापूर लोक विसरलेले नाहीत. पूर एकाच वेळी दोन गोष्टी करतो: साप घराकडे ढकलतो आणि रस्ता बंद करतो. काल्मेतच्या काळी व्हिएतनाममधल्या त्या गावात झाले ते याहून वेगळे नव्हते.

मांत्रिकाबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय हा विषय पुढे सरकत नाही. त्याच्यावर नुसते तोंडसुख घेऊन काही हाती लागत नाही, कारण त्याचा ‘गुण’ लोकांनी डोळ्यांनी पाहिलेला असतो. दिवड, धामण, तस्कर, कवड्या हे बिनविषारी साप माणसाला सर्रास चावतात. त्यातला कवड्या तर मण्यारासारखाच दिसतो. विषारी सापही दर वेळी विष सोडतोच असे नाही. म्हणजे मांत्रिकाकडे आलेले बहुतेक रुग्ण तसेही जगणारच असतात. श्रेय मंत्राला जाते आणि पुढच्या खऱ्या दंशाचा पहिला तास त्या श्रेयावर खर्च होतो. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये राज्याने केलेल्या जादूटोणाविरोधी कायद्यात याची दखल आहे: साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा त्या कायद्याखाली गुन्हा आहे. तरी पोलिसांच्या धाकाने जेवढे होईल त्याहून जास्त मांत्रिकालाच विश्वासात घेऊन होईल, असे वाटते. त्याने हवा तर अंगारा लावावा, पण मोटारसायकल चालू ठेवून.

मोटारसायकलीवरून नेपाळ आठवतो. तराईत दमक नावाचे गाव आहे. भातशेती, पाऊस, नाग आणि मण्यार सगळे भंडाऱ्यासारखेच. तिथे काही गावांत मोटारसायकल असलेल्या तरुणांची यादी केली गेली, दंश झाला की त्यांनी रुग्णाला मध्ये बसवून, मागे एक माणूस धरायला घेऊन, उपचार केंद्रात पोचवायचे असे ठरले, आणि सोबत लोकांना साधी माहिती दिली. दंश झालेल्यांतले मृत्यूचे प्रमाण १०.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यावर आले. नवे औषध नाही, नवी इमारत नाही. भंडाऱ्याच्या कोणत्याही गावात चार मोटारसायकली रात्री दोन वाजताही उभ्या असतात. १०८ ची रुग्णवाहिका जवळ असेल तर उत्तमच. नसेल तर तिची वाट पाहत बसण्यापेक्षा अर्ध्या वाटेवर ती गाठणे बरे.

आता शाळा-कॉलेजांकडे. मण्यार रात्री हिंडतो, घरात शिरतो आणि जमिनीवर झोपलेल्याला चावतो. दंश इतका बारीक की झोपमोडही होत नाही. पहाटे पोटात दुखते, उलटी होते, घरचे अपचन समजतात. आश्रमशाळांत आणि वसतिगृहांत जिथे मुले फरशीवर गाद्या टाकून झोपतात तिथे ही जोखीम रोजची आहे. एक खाट आणि गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी एवढ्याने ती बरीच टळते. नोव्हेंबर २०१९ मध्ये केरळातल्या वायनाड जिल्ह्यात सुलतान बत्तेरी इथे पाचवीतल्या एका मुलीला भर वर्गात, जमिनीतल्या बिळातून आलेल्या सापाने दंश केला. तिला दवाखान्यात न्यायला उशीर झाला, मग एका रुग्णालयातून दुसऱ्यात अशी फिराफिर झाली आणि ती वाचली नाही. राज्यभर संताप उसळला, सर्व शाळांचे आवार तपासायचे आदेश निघाले. महाराष्ट्राने तशा मृत्यूची वाट पाहू नये. नागपूर विद्यापीठाच्या अखत्यारीतल्या भंडाऱ्यातल्या कॉलेजांची राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे दर वर्षी खेड्यांत भरतात. रस्ते झाडण्याबरोबर या मुलांनी गावातल्या मोटारसायकली, केंद्राचा फोन आणि रात्रीची वाट यांचा एक कागद तयार करून चावडीवर लावला, तर त्या कागदाला भिंतीवरच्या पेटीइतकेच मोल येईल.

या साऱ्यात विज्ञानाची एक खरी अडचण आहे, तीही लपवू नये. लस बनते ती तामिळनाडूतल्या सापांच्या विषावर, आणि सापाचे विष प्रदेशागणिक बदलते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत कार्तिक सुनगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले आहे की देशाच्या काही भागांतल्या नाग, घोणस, मण्यार यांच्या विषावर सध्याची लस अपेक्षेपेक्षा तोकडी पडते. पूर्व विदर्भात पट्टेरी मण्यारही आढळतो, जो लशीच्या चार सापांत नाही. प्रदेशानुसार लस हवी ही मागणी म्हणून रास्तच आहे. पण ती येईपर्यंत आहे ती लस उशिरा देण्याचे समर्थन त्यातून निघत नाही.

सरकारी हालचाल अगदीच नाही असे नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतले. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे उद्दिष्ट त्यात आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरात सर्व राज्यांना कळवले गेले की सर्पदंशाच्या प्रत्येक रुग्णाची आणि मृत्यूची नोंद सक्तीची करा. महाराष्ट्रात शेतकऱ्याचा सर्पदंशाने मृत्यू झाला तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या अपघात योजनेतून कुटुंबाला दोन लाख रुपये मिळतात. मदत हवीच. पण ती मिळवायची कागदपत्रे कोणती, हे गावात पाच जणांना तोंडपाठ असते आणि आरोग्य केंद्रात आज किती कुप्या आहेत हे एकालाही ठाऊक नसते, हे उलटे आहे.

म्हणून वाचकाला एक विनंती. रोवणीच्या आधीच्या ग्रामसभेत आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला बोलवावे आणि आदराने पाच गोष्टी विचाराव्यात: लशीच्या किमान वीस कुप्या आहेत का, अ‍ॅड्रेनॅलिन आहे का, काचेच्या नळ्या आणि अंबू बॅग आहे का, रात्री कोण असते, आणि पहिला डोस इथेच मिळेल ना. उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्यावीत. दंश झालेल्याला दोरी बांधू नये, जखम चिरू नये, विष चोखू नये. बांगड्या, जोडवी, अंगठी काढावी, हातपाय हलू देऊ नये आणि साप मारण्यात वेळ न घालवता निघावे. कुठे निघायचे, हे त्या इतिवृत्तात आधीच लिहिलेले असेल.